न दुखणारा पाय : मधुमेहींच्या पायांची संवेदना कशी तपासावी



चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याचे पाडे असोत, की साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील गावे असोत, आरोग्यभेटीला गेलेला स्वयंसेवक मधुमेह असलेल्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारतो : "पाय दुखतात का?" "नाही" असे उत्तर आले की वहीत खूण होते आणि आपण पुढच्या घरी जातो. या अंकातील अभ्यास त्या एका प्रश्नाविषयी आहे. मधुमेहात हा प्रश्न अपुरा आहे आणि पुष्कळदा फसवा आहे. ज्या पायाला सर्वांत जास्त धोका असतो तो पाय बहुधा दुखतच नाही. म्हणून विचारून थांबू नये, पायाला हात लावून पाहावे. हे कसे करावे, आणि त्यानंतर काय करावे, ते आपण क्रमाने पाहू.

१. मधुमेह आता शहरापुरता राहिलेला नाही

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा देशव्यापी अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. शहरी भागात हे प्रमाण १६.४ टक्के आणि ग्रामीण भागात ८.९ टक्के आढळले. शहरापेक्षा गावात आजार कमी आहे हे खरे. पण शहरातल्या माणसाला डॉक्टर जवळ असतो आणि त्याच्या पायात बूट असतो. आपला पावरा, भिल, तडवी किंवा कोकणा बांधव मात्र अनवाणी किंवा झिजलेल्या स्लिपरवर रानात जातो, आणि जखम झाली तर दवाखाना गाठायला त्याचा दिवस मोडतो. आजार तोच असला तरी पाय गमावण्याचा धोका त्याला अधिक असतो.

पुष्कळांना आपल्याला मधुमेह आहे हेच ठाऊक नसते. पायाची चिघळलेली जखम घेऊन माणूस दवाखान्यात येतो आणि तेथे पहिल्यांदा साखर तपासली जाते, असे आजही घडते. तीस वर्षांवरील प्रत्येकाची साखर तपासण्याची सोय शासनाच्या कार्यक्रमात आहे. आशाताई घरोघरी जाऊन त्यासाठीचा तक्ता भरतात. आपले काम त्यांच्या जोडीने करायचे आहे, त्यांच्या कामावर दुसरे काम उभे करायचे नाही.

२. नस कशी मुकी होते

रक्तातील साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की बारीक रक्तवाहिन्या आणि नसा यांना इजा होते. सर्वांत लांब नसा आधी बिघडतात. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा शरीरात सर्वांत लांब असल्यामुळे बधिरपणा बोटांच्या टोकांपासून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा हळूहळू वर सरकतो. तो साधारणपणे दोन्ही पायांत सारखा असतो.

काहींना आधी मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते. "कापसावर चालल्यासारखे वाटते" असे कापूस पिकवणारा आपला शेतकरीच सांगतो. चालताना चप्पल पायातून निसटली तरी ती मागे राहिल्याचे कळत नाही, ही खूणही नेहमी आढळते. परंतु नसांचा बिघाड झालेल्यांपैकी निम्म्यापर्यंत लोकांना कोणतेही लक्षण जाणवत नाही. त्यांचा पाय गप्प राहतो, आणि म्हणूनच प्रश्न विचारून ही माणसे सापडत नाहीत.

बधिरपणाबरोबर आणखी तीन गोष्टी घडतात. पायाला घाम कमी येतो, त्यामुळे कातडी कोरडी पडून टाचांना भेगा पडतात. पायातील लहान स्नायू दुबळे होऊन बोटे आकड्यासारखी वळतात. शरीराचा भार एकाच जागी येऊ लागतो, तेथे घट्टा पडतो आणि त्या घट्ट्याखाली आतल्या आत जखम तयार होते. वरून कातडी जाड आणि धडधाकट दिसत असते.

३. वेल्लोरचा धडा

ही गोष्ट जगाने मधुमेहाच्या दवाखान्यात नाही, तर भारतातील कुष्ठरुग्णांच्या सेवेतून शिकली आहे. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तमिळनाडूतील कोल्ली डोंगरांत, मिशनरी आईवडिलांच्या घरी झाला. इंग्लंडमध्ये शस्त्रक्रियेचे शिक्षण घेऊन ते १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्याची बोटे आजारामुळे आपोआप कुजून झडतात, असा त्या काळी सर्वत्र समज होता. चिंगलपेटच्या कुष्ठरुग्णालयात ब्रँड यांनी एका रुग्णाचा वाकलेला हात हाती घेतला, तेव्हा त्याची पकड विलक्षण बळकट निघाली. हात मेलेला नव्हता. त्याला दुखणे तेवढे कळत नव्हते.

मग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक जखमेचे कारण शोधण्यास सुरुवात केली. गरम भांडे, खिळा, गंजलेल्या कुलपात जोराने फिरवलेली किल्ली अशी कारणे सापडत गेली. काहींची बोटे रात्रीतून नाहीशी होत. पहारा ठेवला तेव्हा उंदीर झोपलेल्या माणसाची बोटे कुरतडत होते आणि त्याला जागही येत नव्हती असे दिसले. त्यानंतर घरी जाणाऱ्या रुग्णाला सोबत मांजर देण्याची प्रथा पडली. ज्याच्या झोपडीत धान्याच्या कणगीशेजारीच अंथरूण असते, त्याला यात नवल वाटणार नाही.

धडा असा मिळाला की रोग स्वतः बोट तोडत नाही. दुखणे कळत नसल्यामुळे माणूस जखमेवरच चालत राहतो आणि पाय जातो. तोच पाय प्लास्टरमध्ये बांधून त्याला विसावा दिला, तर जखम भरते. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले. मधुमेहींच्या पायांवरही अगदी तशाच जखमा त्यांना दिसल्या, आणि भारतात शिकलेले उपाय तेथे मधुमेहींसाठी वापरले जाऊ लागले.

४. दहा ग्रॅमचा नायलॉनचा धागा

कातडीवर नेमका तोलून दाब द्यायचा कसा? जर्मन शास्त्रज्ञ फॉन फ्राय यांनी एकोणिसाव्या शतकात घोड्याचे केस वापरले होते. जोसेफीन सेम्स आणि सिडनी वाइनस्टाइन यांनी मेंदूला इजा झालेल्या माणसांच्या तपासणीसाठी नायलॉनचे धागे वापरले. त्यांचे काम १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. धाग्याची खुबी अशी की तो ठरावीक दाबाला वाकतो. वाकल्यानंतर तुम्ही हात कितीही पुढे नेला तरी दाब फारसा वाढत नाही. त्यामुळे तपासणाऱ्याचा हात जड असो की हलका, दाब जवळजवळ सारखाच राहतो.

कारव्हिल येथेच बर्क आणि सिम्स यांनी कुष्ठरोगी आणि मधुमेही अशा दोन्ही रुग्णांचे तळवे तपासले आणि १९८६ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. दहा ग्रॅमला वाकणारा धागा ज्याला कळतो त्याच्या तळव्याला पुरेसे संरक्षण आहे, असे त्यांना आढळले. आज जगभर मधुमेहींच्या पायासाठी हाच दहा ग्रॅमचा धागा वापरतात. त्याला मोनोफिलामेंट म्हणतात.

वापरण्याची रीत अशी :

• माणसाला बसवा किंवा झोपवा. मोजे काढून पाय मोकळे करा.
• धागा आधी त्याच्या हाताला किंवा कपाळाला लावून दाखवा, म्हणजे काय जाणवायला हवे ते त्याला कळेल.
• त्याला डोळे मिटायला सांगा.
• अंगठ्याचा तळ आणि चवड्याच्या आतल्या व बाहेरच्या बाजूचा उंचवटा, या जागा दोन्ही पायांवर तपासा. घट्टा किंवा जखम असेल ती जागा टाळून शेजारी लावा.
• धागा कातडीवर सरळ उभा धरा, वाकेपर्यंत दाबा, एक-दोन सेकंद ठेवा आणि उचला. घासू नका.
• "कळले का? कोणत्या पायाला?" असे विचारा. एका जागी तीन वेळा विचारा, त्यांपैकी एकदा धागा न लावताच. तीनपैकी दोन उत्तरे बरोबर आली तर त्या जागी संवेदना आहे असे समजा.

धागा सतत वापरल्याने थकतो आणि त्याचा दाब कमी होतो. साधारण दहा माणसे तपासली की त्याला चोवीस तास विसावा द्यावा. शिबिरात शंभर माणसांसाठी एकच धागा वापरला, तर शेवटच्या लोकांची नोंद भरवशाची राहत नाही. दवाखान्यात याच्या जोडीला १२८ कंपनांचा चिमटा अंगठ्याच्या हाडावर टेकवून थरथर जाणवते का, तेही पाहतात.

५. धागा नसेल तर स्वतःचे बोट

पाड्यावर साधन नाही म्हणून तपासणी थांबू नये. इंग्लंडमधील इप्सविच येथील रुग्णालयात डॉ. जेरी रेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी स्पर्शचाचणी तयार केली आणि २०११ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिला फक्त तपासणाऱ्याचे बोट लागते. घरातील सून, नातू, शेजारीण कोणीही ती शिकू शकते.

माणसाला डोळे मिटून आडवे होऊ द्या. आधी त्याच्या पायांना हात लावून "हा उजवा, हा डावा" असे सांगा. मग आपल्या तर्जनीच्या टोकाने त्याच्या बोटाच्या टोकाला एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करा. दाबू नका, ठोकू नका, गुदगुल्या करू नका. क्रम असा : उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवे मधले बोट आणि शेवटी डावे मधले बोट. स्पर्श कळला की त्याने "उजवा" किंवा "डावा" म्हणावे. एका बोटाला एकदाच स्पर्श करायचा. कळले नाही म्हणून पुन्हा जोराने लावायचे नाही, कारण तेच तर आपल्याला पाहायचे आहे.

सहापैकी दोन किंवा अधिक बोटांना स्पर्श कळला नाही, तर त्या माणसाची संवेदना कमी झालेली असण्याची शक्यता मोठी आहे. त्याला दवाखान्यात पूर्ण तपासणीसाठी पाठवावे.

सूचना त्याच्या भाषेत द्या. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या आजीला आपले प्रमाण मराठी समजत नाही आणि ती संकोचाने प्रत्येक वेळी "हो" म्हणते. सोबत तिची भाषा बोलणारे कोणी असावे. बायकांचे पाय बाईने तपासावे हे बरे. वयाने मोठ्या स्वयंसेवकाने पायाला हात लावला की लहान वयाचा माणूस पाय मागे ओढतो, आणि गरीब माणसाला आपल्या मळक्या पायांची लाज वाटते. म्हणून तपासणीआधी कोमट पाण्याने पाय धुऊन कोरडे करण्याची सोय ठेवावी. तेवढ्यात बोटांमधल्या चिरा आणि तळव्यावरचे फोडही आपोआप पाहून होतात. शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूच्या मागे चालणाऱ्यांना हे काम हलके वाटण्याचे कारण नाही.

६. बधिरपणाचे कारण नेहमी मधुमेहच नसतो

कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्या चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, किंवा बधिरपणा एकाच पायात वा हातात असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी व्हायलाच हवी. त्याचे औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते, आणि लवकर सुरू केले तर व्यंग टळते. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि बरीच वर्षे चालू असलेले दारूचे व्यसन यांनीही नसा बिघडतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकते. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सातपुड्यातील आदिवासी समाजांत सिकलसेल आढळतो. सिकलसेल असलेल्या माणसाची तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, म्हणजे एचबीए१सी, चुकीचा आकडा दाखवू शकते. त्याची उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर पाहणे अधिक खात्रीचे. सिकलसेलमुळेही घोट्याजवळ न भरणाऱ्या जखमा होतात. म्हणून रुग्णाकडे सिकलसेलचे कार्ड असेल तर ते डॉक्टरांना अवश्य दाखवावे.

७. निकालानंतर

मोकळेपणाने सांगायचे तर बधिर झालेली नस पूर्ववत करणारे औषध आज नाही. साखर ताब्यात ठेवली तर पुढचा बिघाड मंदावतो. मग तपासणीचा उपयोग काय? उपयोग हा की कोणता पाय जपायचा ते जखम होण्याआधी कळते. पाय कापावा लागण्याच्या गोष्टीची सुरुवात बहुतेक वेळा एका लहानशा जखमेने होते, आणि ती जखम टाळता येते.

मधुमेहाचे निदान झाले की त्याच वेळी पाय तपासावेत, आणि संवेदना चांगली असेल तर दर वर्षी एकदा. लहान वयात सुरू होणाऱ्या, इन्सुलिनवरच्या मधुमेहात ही तपासणी पाच वर्षांनंतर सुरू करतात. संवेदना गेली असेल तर सहा ते बारा महिन्यांनी पाहावे. त्यातच बोटे वाकलेली असतील किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर तीन ते सहा महिन्यांनी. पूर्वी जखम झालेली असेल किंवा बोट कापलेले असेल, तर दर एक ते तीन महिन्यांनी.

बधिर पायाच्या माणसाने आणि घरच्यांनी पाळायच्या गोष्टी :

• रोज संध्याकाळी उजेडात दोन्ही तळवे पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर घरातल्याने पाहावेत.
• घरात आणि अंगणातही अनवाणी चालू नये. चप्पल घालण्याआधी झटकावी व आत हात फिरवून पाहावे.
• हिवाळ्यात शेकोटीला पाय शेकू नयेत. पाय धुण्याचे पाणी आधी हाताच्या कोपराने तपासावे.
• भेगांना किंवा मोडलेल्या काट्याला बिब्बा लावू नये. डाग देऊ नये. जखमेत चुना किंवा तंबाखू भरू नये. घट्टा ब्लेडने कापू नये.
• कापूस निघाल्यावर पऱ्हाटीचे खुंट आणि बाभळीचे काटे असलेल्या शेतात पातळ स्लिपरने जाऊ नये. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या डांबरावर अनवाणी पाय टाकू नये.
• अंथरूण कणगीपासून दूर, शक्यतो खाटेवर असावे.

जखम, फोड, काळे पडलेले बोट, वास किंवा पू दिसला तर त्याच दिवशी दवाखान्यात जावे. पाय अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि दुखत मात्र नाही, तर तेही तातडीचे समजावे. आतली हाडे मोडत असण्याचा तो इशारा असू शकतो. अशा पायावर चालू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढे पाठवले तर जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाण्यास टाळाटाळ करू नये.

८. मंडळीने काय करावे

पहिली गोष्ट वेळेची. आपली पुष्कळ कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात. त्यांची तपासणी सप्टेंबरमध्ये, निघण्याआधी व्हावी. पुढचे काही महिने ती ऊसाच्या फडातच राहणार असतात. संवेदना गेलेली असेल तर साध्या कागदावर तसे लिहून सोबत द्यावे, म्हणजे परगावच्या डॉक्टरांनाही कळेल. होळीला आणि भोंगऱ्या बाजाराला माणूस कुठेही असला तरी पाड्यावर येण्याचा प्रयत्न करतो. दुसरी फेरी तेव्हा घ्यावी.

दुसरी गोष्ट चपलांची. कुष्ठरुग्णांसाठी मऊ रबराच्या तळव्याची, एमसीआर म्हणून ओळखली जाणारी चप्पल अनेक वर्षांपासून वापरात आहे. मधुमेही पायालाही तशीच मऊ तळाची, मागे पट्टा असलेली आणि खिळे न मारलेली चप्पल हवी. अंगठा धरून ठेवावा लागणारी स्लिपर बधिर पायातून निसटते. देणगीदारांनी वर्षातून एक जोड दिला तरी एक पाय वाचू शकतो. मात्र जोड पायाचे माप घेऊनच द्यावा. गोळा करून वाटलेली आखूड चप्पल अनवाणी चालण्याइतकेच नुकसान करते.

तिसरी गोष्ट आपल्या हातात पूर्णपणे आहे. खेड्यातील बहुतेक उपासनागृहांत आपण चपला बाहेर काढतो. भर उन्हाळ्यात दुपारच्या सभेनंतर तापलेल्या पायरीवर आणि फरशीवर पाय ठेवला तर चांगल्या पायाला चटका कळतो आणि माणूस उडी मारतो. बधिर पायाला कळत नाही आणि घरी गेल्यावर फोड दिसतो. मोशेला चपला काढण्यास सांगितले होते हे आपण वाचतो. परंतु ज्याच्या पायाला जाण उरलेली नाही त्याने स्वच्छ चप्पल घालून आत बसावे, असे पाळकांनी व्यासपीठावरून एकदा स्पष्ट सांगितले तर त्याचा संकोच जाईल. दारात गोणपाट किंवा चटई टाकणे तर आजच जमेल.

गटचर्चेसाठी

१. आपल्या मंडळीत मधुमेह असलेल्या किती जणांचे पाय या वर्षी कोणी हात लावून तपासले आहेत?
२. स्पर्शचाचणी गटातच एकमेकांवर करून पाहा. क्रम आणि हलका स्पर्श दोन्ही जमतात का?
३. स्थानिक भाषा बोलणाऱ्या दोन बहिणी आणि दोन भाऊ यांना या कामासाठी तयार करता येईल का? आपल्या गावच्या आशाताईंना या बैठकीला कोण बोलावेल?
४. संवेदना गेलेल्या माणसाला उपासनागृहात चप्पल घालून बसू देण्यास मंडळीची तयारी आहे का? नसेल तर अडचण नेमकी कशाची आहे?